शिरोलीत ऊन, दर्यात लाट: समुद्राच्या अंदाजाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? शिफ्ट सुटली असेल, बस मिळाली असेल, तर आता निवांत ऐका. आणि वाचणारे असाल तर हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलता बोलता जे सुटलं होतं ते यात भरलंय.

मे महिना लागला की शिरोली एमआयडीसीतल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पडतोच: "कोकणात कधी जायचं?" मग गणपतीपुळे की मालवण यावर दोन दिवस वाद. आंबा घाट की गगनबावडा यावर आणखी एक दिवस. शेवटी कुणीतरी फोनवर हवामान बघतो आणि स्क्रीनशॉट टाकतो. ऊन तेहतीस डिग्री, पाऊस शून्य टक्के. खाली दहा जणांचे अंगठे. ठरलं!

आता जरा थांबा. त्या स्क्रीनशॉटमध्ये ढग आहे, पाऊस आहे, तापमान आहे. समुद्र कुठाय? तो अंदाज हॉटेलच्या गच्चीचा झाला. पाण्यात उतरायचं असेल तर बातमी वेगळ्या ठिकाणाहून येते, आणि ती बातमी मिळवायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. आजची गोष्ट तीच.

पंचगंगेकडून सुरुवात

शिरोलीच्या माणसाला हा विषय खरं तर अवघड जायला नको. ऑगस्ट २०१९ आठवा. जुलै २०२१ आठवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ थेट राष्ट्रीय महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली. अशा पुरात आपण काय बघतो? आपल्या डोक्यावर पाऊस पडतोय का, हे नाही बघत. आपण बघतो गगनबावड्याला किती झाला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलंय. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत.

म्हणजे शिरोलीत ऊन पडलेलं असताना नदी वाढू शकते, कारण पाणी वरून येतंय. समुद्राचंही अगदी असंच आहे. किनाऱ्यावर स्वच्छ ऊन असतं आणि लाट हजारो किलोमीटरवरून निघालेली असते. नदीचा "वर" कुठं आहे ते आपल्याला दिसतं. समुद्राचा "वर" कुठं आहे, हे शोधण्यातच सगळा इतिहास गेला.

ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

कोल्हापूरपासून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. मध्ये सह्याद्री. तरीही १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर खोदकाम झालं, तेव्हा काय सापडलं? पोसायडन! ग्रीकांचा समुद्रदेव, कांस्याची छोटी मूर्ती. आज ती आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. रंकाळ्यावर शंभर वेळा गेला असाल, एकदा तिथंही जाऊन या.

हा देव इथं आला कसा? सातवाहन काळातल्या व्यापारातून. रोमन साम्राज्यातला माल जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं एक प्रवासपुस्तक आहे. त्यात आपल्या कल्याण आणि चौल बंदरांचा उल्लेख आहे, आणि भारताकडे यायचं तर इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावं असा सल्ला आहे. का? नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी मिळतो म्हणून.

समुद्राच्या अंदाजाची ही पहिली पायरी: ऋतूचा अंदाज. आज वारा कसा आहे हे नाही, पण या महिन्यात तो साधारण कुठून येणार, एवढं माणसाला कळलं होतं.

तिथीला पाऊणने गुणा

दुसरी पायरी आपल्या कोकणातली. घड्याळ, ॲप, काही नसताना कोळी आणि खलाशी भरतीची वेळ सांगायचे. कशी? तिथीवरून. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या आसपास. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागणिक थोडा फरक पडतो, पण हिशोब आजही चालतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागून येते, म्हणून हे गणित जमतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी जोराची. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा सुरुवात करायची, हा नियमही याच अनुभवातून आला. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवसांची सरकारी मासेमारी बंदी असते. तिच्यामागे माशांच्या प्रजननाचा विचार आहेच, पण खवळलेल्या दर्याचाही आहे.

पण या सगळ्यात एक गोष्ट सुटत होती. भरती ठरलेल्या वेळी येते. वादळ वेळ सांगून येत नाही.

बंदरावरचा बावटा

मुंबईत १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा सुरू झाली. सुरुवातीचं काम होतं आकाशाचे वेध घेणं आणि जहाजांना अचूक वेळ देणं. वादळाची बातमी देणारी यंत्रणा मात्र एका आपत्तीनंतर आली. ऑक्टोबर १८६४ मध्ये कोलकात्याला भयंकर चक्रीवादळ धडकलं. पुढच्याच वर्षी त्या बंदरात वादळाचे इशारे द्यायची सोय झाली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

दिवसा खांबावर ठरावीक आकार चढवायचे, रात्री दिवे लावायचे. त्यालाच आपल्याकडे 'बावटा' म्हणतात. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला" अशी बातमी आजही येते, ती याच पद्धतीतून. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस चौक' आहे बघा. ते नाव पण यातलंच: हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, आणि नाव तिथंच चिकटलं.

तार आली होती, त्यामुळे एका बंदरातली बातमी वादळाच्या आधी दुसऱ्या बंदरात पोचायला लागली. ही खरी क्रांती. पण बावटा वाऱ्याबद्दल सांगायचा. लाट किती उंच येईल, याचा आकडा तेव्हा कुणाकडंच नव्हता.

रामदास

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. 'रामदास' नावाची प्रवासी बोट सकाळी मुंबईहून रेवसला निघाली. बोटीत बहुतेक कोकणातली माणसं. अमावास्येचे दिवस, म्हणजे उधाण. वर भर पावसाळा. वाटेत वारा-पाऊस वाढला, माणसं एका बाजूला सरकली, मोठ्या लाटेनं बोट कलंडली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईत बातमी कळायला दुपार उलटली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमेल तेवढी माणसं वाचवली.

कोकणातल्या कित्येक घरांत ही गोष्ट अजून सांगितली जाते. आपल्या विषयासाठी त्यातलं एवढंच लक्षात ठेवा: उधाण पंचांगात होतं, पावसाळा कॅलेंडरमध्ये होता, पण "आज या पट्ट्यात लाट इतकी उंच असेल, निघू नका" असं सांगणारा अंदाज नव्हता.

लाटेचा माग काढणारी माणसं

तो अंदाज जगाच्या दुसऱ्या टोकाला तयार होत होता, तोही युद्धासाठी. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं. लाट मोठी असली की सपाट तळाच्या बोटी उलटायच्या. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत हॅराल्ड स्वेर्ड्रुप आणि त्यांचा तरुण विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी गणित मांडलं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती अंतरावर, यावरून लाट किती होईल. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या उतरणीसाठी याच पद्धतीचे अंदाज वापरले गेले. हवामानामुळे तो बेत ५ तारखेवरून ६ वर ढकलावा लागला होता.

आज फोनवर "लाट १.५ मीटर" असं दिसतं ना, तो आकडाही त्यांचाच वारसा. त्याचा अर्थ नीट घ्या. सगळ्यात उंच अशा एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे मधूनच एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. दीड लिहिलंय म्हणून दीडच येईल, असं नाही.

मंक तिथं थांबले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी प्रशांत महासागरात दक्षिणेपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी उभारली आणि दाखवून दिलं की अंटार्क्टिकाजवळच्या वादळात जन्मलेल्या लाटा दहा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून उत्तरेच्या किनाऱ्यावर पोचतात. वारा तिथंच विरतो, लाट चालत राहते.

यात एक गंमत आहे. दोन लाटांमधलं अंतर जितकं लांब, तितकी लाट वेगवान. अठरा सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा जथा दिवसाला सुमारे बाराशे किलोमीटर कापतो. म्हणजे आपल्यापासून सात हजार किलोमीटर दक्षिणेला वादळ झालं, तर साधारण सहाव्या दिवशी त्याची लाट कोकणात हजर. इथं ऊन, वारा मंद, ढग नाही. राधानगरीचे दरवाजे उघडलेत, फक्त राधानगरी तिकडं अंटार्क्टिकाच्या वाटेवर आहे.

चोर समुद्र

केरळच्या मच्छीमारांना हे आधीच माहीत होतं. त्यांनी नाव ठेवलं 'कल्लक्कडल'. कल्लन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आणि पाणी चोरासारखं घरात शिरतं. २०१२ मध्ये युनेस्कोनं हा शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. हे प्रकार जास्त करून एप्रिल-मेमध्येच होतात. म्हणजे नेमके आपल्या सुट्टीचे दिवस.

आता आपल्याकडे यंत्रणा आहे. हैदराबादला १९९९ मध्ये इन्कॉइस ही संस्था सुरू झाली. तिचे लाटा मोजणारे तरंगते बोये समुद्रात आहेत, त्यातला एक रत्नागिरीसमोर. मे २०२४ च्या सुरुवातीला इन्कॉइसनं अशाच लांबून येणाऱ्या लाटांचा इशारा दिला होता. महाराष्ट्राचा किनाराही त्यात होता. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी लाटांनी ओढून नेले. किनाऱ्याजवळ वादळ कुठंच नव्हतं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाचं नाही, आदल्या वर्षीचं बघा: १२ जून २०२३, जुहू. बिपरजॉय चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दूर अरबी समुद्रात होतं आणि चार मुलं बुडाली.

१९४७ मध्ये अंदाज नव्हता. आता आहे. अडचण एवढीच की तो आपल्या स्क्रीनशॉटमध्ये नसतो.

मग निघायच्या आदल्या रात्री काय बघायचं?

एक, लाटेची उंची. दोन, लाटेचा कालावधी, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. एक मीटरची लाट सहा सेकंदांनी येत असेल तर ती जवळच्या वाऱ्यानं उठवलेली. तीच एक मीटर पंधरा-सोळा सेकंदांनी येत असेल तर ती लांबची पाहुणी: किनाऱ्याजवळ आणखी उंचावते, वाळूवर खूप वर चढते आणि परत जाताना जोरात ओढते. तीन, भरती-ओहोटीची वेळ. ॲप नसेल तर कालनिर्णय आणि पाऊण. चार, इन्कॉइसचा इशारा. त्यांच्या वेबसाइटवर आणि 'समुद्र' ॲपवर मिळतो.

वाऱ्याचं शाळेतलं आठवा: खारे वारे दिवसा समुद्राकडून, मतलई वारे रात्री जमिनीकडून. म्हणून उन्हाळ्यात सकाळी पाणी शांत आणि दुपारनंतर चरचरीत. पोहायचं असेल तर सकाळ बरी. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मात्र दर्याचा मूड बदलतो. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या त्याच सुमारास बंद होतात. होडीवाला नाही म्हणाला तर घासाघीस करू नका.

आणि पाण्यात उतरल्यावर? लाटा फुटतायत पण मधला एक पट्टा शांत दिसतोय, तर तिथं जाऊ नका. बहुतेक वेळा तिथूनच पाणी परत खोल समुद्राकडं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि मग बाहेर या. दोस्त ओढला गेला तर साखळी करून आत शिरू नका. रिकामा कॅन, दोरी, ट्यूब जे असेल ते फेका, जीवरक्षकाला हाक मारा, ११२ लावा.

पुरात आपण बंधाऱ्याचा आकडा विचारल्याशिवाय गाडी काढत नाही. कोकणात निघतानाही लाटेचा आकडा विचारायची सवय लावू. ग्रुपवर ट्रिपचा स्क्रीनशॉट पडला की त्याच्याखाली अंगठ्याऐवजी एवढंच टाका: "लाट किती, किती सेकंदाची?"

एपिसोड आवडला तर ट्रिपच्या ग्रुपवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा, सोलकढी प्या, आणि सगळे मिळून परत या.