फळ्यापासून स्क्रीनपर्यंत : साधन कोणाच्या हाती?

शाळेत स्मार्ट बोर्ड आला, टॅब आले, की शिक्षणात क्रांती झाली असे सांगितले जाते. इतिहास तपासला तर आम्हाला वेगळेच दिसते.

पाटी आणि फळा हेही एके काळचे नवे तंत्रज्ञानच. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला आणि मुंबई सरकारनेही नकारच कायम ठेवला. शाळा सरकारी पैशातून चाले, पण फळ्यासमोर कोणी बसायचे हे जात ठरवत होती. पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा सवर्ण मुले फळ्यामागचे आपले डबे हलवायला धावली. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे.

स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८७ मध्ये, सरकारला खडू-फळा मोहीम काढावी लागली. प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा मिळावा, एवढेच तिचे उद्दिष्ट होते!

२०२० मध्ये वर्ग मोबाइलवर गेला. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, रिचार्जला पैसे नव्हते, तिथले मूल आपोआप वर्गाबाहेर पडले. या वेळी प्रवेश नाकारणारा कागदही कुणाला लिहावा लागला नाही.

आमचा विरोध यंत्राला नाही. पण नवे यंत्र आले, की आम्ही एकच प्रश्न विचारणार : वस्तीतल्या शेवटच्या मुलाचा हात त्याला लागतो का?