वॉटरगेट प्रकरण
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शासकीय गुपिते बाहेर फुटू नयेत, म्हणून रिचर्ड निक्सन यांच्या शासनाने योजिलेल्या गुप्त व बेकायदेशीर उपायांतून वाढत गेलेले राजकीय कुप्रकरण. वॉशिंग्टन येथील वॉटरगेट इमारतसमूहातील घरफोडीवरून त्यास हे नाव मिळाले. तथापि त्याची मुळे त्याआधीची आहेत. कंबोडियावरील गुप्त बाँबहल्ल्यांचे वृत्त मे १९६९ मध्ये प्रसिद्ध होताच काही अधिकारी व पत्रकार यांची दूरध्वनी-संभाषणे न्यायालयाच्या आज्ञेविना चोरून ऐकण्यास प्रारंभ झाला.

द न्यूयॉर्क टाइम्सने १३ जून १९७१ पासून व्हिएटनाम युद्धाविषयीची संरक्षण खात्याची गोपनीय कागदपत्रे (पेंटॅगॉन पेपर्स) छापली. त्यांच्या प्रकाशनास मनाई करण्याची शासनाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळली. त्यानंतर जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार जॉन अर्लिकमन यांच्या देखरेखीखाली एक गुप्त पथक स्थापन झाले. गळती थांबविणे हे त्याचे काम, म्हणून त्यास ‘प्लंबर्स’ म्हणत. सीआयएचे माजी अधिकारी हॉवर्ड हंट व एफबीआयचे माजी अधिकारी गॉर्डन लिडी त्यात होते. कागदपत्रे फोडणारे डॅन्येल एल्सबर्ग यांच्या बदनामीस उपयोगी पडेल अशी माहिती मिळविण्यासाठी पथकाने सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांच्या मानसोपचारतज्ञाचे कार्यालय फोडले.

हंट व लिडी यांच्याच योजनेनुसार डेमॉक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना १७ जून १९७२ रोजी अटक झाली. त्यांपैकी दोघे आधीच्या घरफोडीतही सामील होते. तपास वाढल्यास पूर्वीची कृत्ये उघड होतील, या भीतीमुळे प्रकरण दडपण्याचे प्रयत्न झाले. वॉशिंग्टन पोस्टच्या वार्ताहरांना त्या काळात गुप्तपणे साहाय्य करणारे गृहस्थ एफबीआयचे उच्चाधिकारी मार्क फेल्ट होते, हे २००५ मध्ये उघड झाले. म्हणजे गळती रोखण्याचा हा खटाटोप उघडकीस येण्यास गळतीचाच हातभार लागला.

शासनाच्या गैरवर्तनामुळे एल्सबर्ग यांच्यावरील खटला ११ मे १९७३ रोजी रद्द झाला. ज्यांना दोषी ठरविण्यासाठी कायदा मोडला, ते त्या कायदाभंगामुळेच सुटले. निक्सन यांनी ध्वनिफिती स्वाधीन कराव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ रोजी एकमताने दिला. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचे तीन आरोप संमत केले. सीआयएकरवी एफबीआयचा तपास थांबविण्यास निक्सन यांनी संमती दिल्याचे ध्वनिफितीवरून सिद्ध झाले व ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी पद सोडले. राजीनामा देणारे ते पहिलेच अमेरिकन राष्ट्राध्यक्ष होत. पुढे जेरल्ड फोर्ड यांनी त्यांना क्षमा केली. अर्लिकमन, हंट व लिडी यांना मात्र कारावास भोगावा लागला.

राष्ट्रीय सुरक्षिततेसाठी गोपनीयता आवश्यक असली, तरी तिच्या रक्षणार्थ शासनाला कायदा मोडता येत नाही, हे तत्त्व या प्रकरणाने अधोरेखित केले. परकीय हेरगिरीच्या तपासासाठी देशात गुप्तपणे संभाषणे ऐकण्यावर न्यायालयीन नियंत्रण आणणारा १९७८ चा कायदा हा त्याचाच एक परिणाम होय.