तुटलेल्या शिडीची कथा

निजामी अमलात मराठवाड्यातील मुलांची शिक्षणाची शिडी मध्येच तुटलेली असे. घरची भाषा मराठी, तर १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू! ती शिडी सांधण्याचे काम लोकांनीच अंगावर घेतले. १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, आणि संस्थान मुक्त झाल्यावर दोनच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. ते कोणासाठी, हे नावातच आले. नरहर कुरुंदकर प्रतिभा निकेतन शाळेतून या कॉलेजात आले व पुढे तेथेच प्राचार्य झाले. शाळा आणि कॉलेज यांचा सांधा असा माणसांनीही जुळतो.

लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ साली, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघाले. वरच्या पायऱ्या अशा झाल्या. ज्ञातिबांधवहो, आपण सत्कार करतो तो मात्र दहावी-बारावीच्या गुणवंतांचाच. अंगणवाड्यांची योजना १९७५ पासून आहे. पण आई पहाटेच शेतावर गेल्यावर मुलाला तेथवर नेणार कोण? आणि पदवी घेऊन घरी बसलेल्या तरुणास अर्ज कोठे करावा हे सांगणारा कोणी वडीलधारा हवा. नोकरीतून निवृत्त झालेले असे वडीलधारे आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत.