सातारा-सांगली परिसरातील वाकळ : भौमितिक नक्षी आणि जोडणी-पद्धतीची निवड

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पैठणीसारख्या वस्त्रांकडे जाते. राजदरबार व व्यापारी पेठ यांचा आश्रय लाभल्याने अशा वस्त्रांच्या नोंदी कागदपत्रांत सापडतात. घरोघरी शिवल्या जाणाऱ्या वाकळीला अथवा गोधडीला असा आश्रय मिळाला नाही. ती विकण्यासाठी शिवली जात नव्हती, त्यामुळे हिशेबाच्या वहीतही तिला स्थान नव्हते. शिवाय जीर्ण झालेली वाकळ नव्या वाकळीत भरण म्हणून घातली जाई. म्हणजेच हे साधन स्वतःचाच पुरावा नष्ट करीत आले आहे. परिणामी ‘चिंध्या जोडून केलेले गरिबाचे पांघरूण’ एवढीच तिची ओळख रूढ झाली. चौकोन, त्रिकोण व पट्ट्या यांच्या गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या स्त्रियांना कापड, माप व श्रम यांचा निश्चित विचार करावा लागत असे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :

आजचे सातारा व सांगली हे जिल्हे प्रशासकीयदृष्ट्या दीर्घकाळ परस्परांशी निगडित होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा सुपीक पट्टा आणि माण, खटाव, आटपाडी, जत यांसारखे अवर्षणप्रवण तालुके असे दुहेरी चित्र या प्रदेशात दिसते. दुष्काळी भागात मेंढपाळ समाजामुळे लोकरीचे घोंगडे उपलब्ध होते. सुती जुनेरापासून होणारी वाकळ मात्र सर्वच थरांत वापरली जाई. जत-मिरजेच्या सीमेपलीकडे कन्नड मुलखात हाच प्रकार ‘कौदी’ या नावाने ओळखला जातो.

वाकळीचा मुख्य आधार नऊवारी लुगडे होते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याचे चार समान तुकडे केल्यास प्रत्येकी सुमारे दोन मीटर लांबी मिळते. असे दोन तुकडे रुंदीत शेजारी जोडले की एका वाकळीचा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर बसतात. फाटलेल्या लुगड्याचा जीर्ण भाग काढून उरलेले भाग जोडण्याची, म्हणजे दंड घालण्याची, रीत स्त्रियांच्या अंगवळणी होती. वाकळीच्या शिवणीचे मूळ या घरगुती कौशल्यात आहे.

जोडणीच्या तीन पद्धती :

पहिली पद्धत ठिगळाची. खाली अखंड कापड, मध्ये जुनेराचे थर आणि वर कडा दुमडून ठेवलेले तुकडे अशी मांडणी करून कच्च्या टाक्यांनी ती स्थिर केली जाते. नंतर कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा सर्व थरांतून घातला जातो. तुकडा जोडणे आणि थर एकत्र बांधणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात साधतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या ‘कवंदी’तही हेच तत्त्व आढळते.

दुसरी पद्धत कडेला कड जोडण्याची. यात आधी सर्व तुकडे परस्परांना शिवून वरचा पूर्ण थर तयार करतात व मगच तो अस्तरावर पसरतात. तिसरी पद्धत साच्यावर तुकडा दुमडून घेण्याची. ब्रिटनमध्ये जतन केलेले १७१८ सालचे रेशमी पांघरूण कागदी साच्यांवर केलेल्या जोडकामाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या पद्धतीत कोन अत्यंत अचूक येतात. मात्र प्रत्येक तुकड्यासाठी कागद कापावा लागतो आणि वेळही पुष्कळ जातो.

निवडीमागील कारणे :

निवडीचा प्रश्न मुख्यतः त्रिकोणी नक्षीत उद्भवतो. समजा, २१० × १५० सेंमी. वाकळीवर १५ सेंमी.चे चौकोन मांडावयाचे आहेत. तर १४० चौकोन लागतील आणि प्रत्येकाचे कर्णावर दोन भाग केल्यास २८० त्रिकोण होतील. कडेला कड जोडताना प्रत्येक चौकोनात केवळ दोन मिलिमीटरची चूक एकाच दिशेने झाली, तरी १४ चौकोनांच्या ओळीत ती २८ मिलिमीटर होते आणि शेजारच्या ओळीशी टोके जुळत नाहीत. ठिगळाच्या पद्धतीत प्रत्येक तुकड्याची जागा खालच्या कापडावरून ठरते. त्यामुळे एका तुकड्यातील चूक त्या तुकड्यापुरतीच राहते.

दुसरे कारण कापडाच्या स्वभावाचे आहे. त्रिकोणाची कर्णावरील बाजू उरेब असते, म्हणून ती ताणली जाते. वापरून विरविरीत झालेल्या लुगड्यात हा ताण अधिक जाणवतो. खालच्या कापडाचा आधार मिळाल्यास तो आटोक्यात राहतो. तिसरे कारण जाडीचे. आठ त्रिकोणांची टोके जेथे एकत्र येतात तेथे दुमडींचा गठ्ठा होऊन दाभणही अडते. चौथे कारण दुरुस्तीचे. कडेला कड जोडलेली शिवण उसवली की आतील भरण उघडे पडते. ठिगळ झिजले तर त्यावर दुसरे ठिगळ घालता येते.

असे असले तरी दुसरी पद्धत गैर ठरत नाही. तुकडे एकाच पोताचे व मापाचे असतील आणि नक्षी सरळ पट्ट्यांची अथवा चौकोनांची असेल, तर ती जलद व नेटकी ठरते.

यंत्र व बदलते कापड :

१८५१ मध्ये सिंगर यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढील काळात हे यंत्र भारतातही रुजले. शिंप्याकडील नव्या कापडाची कात्रणे आणि यंत्राची सरळ टीप यांमुळे कडेला कड जोडणी सुलभ झाली. तथापि अनेक थरांतून जाणारा धावदोरा हाताचाच राहिला. दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४३ मध्ये, सुती कापड व सुतावर सरकारी नियंत्रण आले. टंचाईच्या अशा काळात लहानात लहान तुकडाही उपयोगी पाडणारी ठिगळाची रीत अधिक सोयीची होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नऊवारीची जागा पाचवारीने आणि सुताची जागा कृत्रिम धाग्याने घेतली. घसरणारे, घाम न शोषणारे हे कापड दुमडून बसत नाही. म्हणून ते यंत्रावर जोडणे अधिक सोपे जाते. पद्धतीतील हा बदल अभिरुचीपेक्षा साधनांतील बदलाशी अधिक निगडित आहे.

निष्कर्ष :

जोडणीची पद्धत ही केवळ सवय नसून कापडाची स्थिती, नक्षीतील कोन, उपलब्ध वेळ आणि भावी दुरुस्ती यांचा तो एकत्रित निर्णय आहे. हा निर्णय घेणाऱ्या स्त्रियांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. परंतु त्यांचे तांत्रिक ज्ञान शिवणीतून वाचता येते. म्हणून जुनी वाकळ अभ्यासताना वरची नक्षी पाहून थांबू नये. ती उलटवून टाक्याची दिशा, दुमडीची बाजू व थरांचा क्रम नोंदविणे आवश्यक आहे. हातशिलाईची वाकळ घरांतून कमी होत असताना, आणि जुनी वाकळ भरणात जिरण्यापूर्वी, महाविद्यालयीन पातळीवर अशा नोंदी होणे हे स्थानिक इतिहासलेखनाचे निकडीचे कार्य ठरते.