वाड्यातला सालदार कुठे गेला?

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' मी पहिल्यांदा पाहिले ते अकोल्यात, एका हौशी मंडळाच्या प्रयोगात. सोबत वडील होते. ते दुसरी शिकलेले. उभा जन्म शेतात गेलेला, आणि त्यातली सोळा वर्षे अकोला तालुक्यातल्या एका देशपांड्यांच्या वाड्यावर सालदार म्हणून. नाटक त्यांनी एकटक पाहिले, मध्यंतरात चहालाही उठले नाहीत. ज्या वाड्याच्या ओसरीपलीकडे त्यांना कधी जाता आले नव्हते, तो आज आतून दिसत होता. परतताना स्टँडवर त्यांनी एकच गोष्ट विचारली, "नाटक गोड हाये, पण याहिच्या घरचा सालदार कोठी गेला रे?"

मी हसून सोडून दिले. नाटकात सगळेच दाखवत नाहीत, असे काहीसे बोललोही असेन. पण पुढे वऱ्हाडच्या जमिनींचे जुने कागद वाचण्याचा नाद लागला आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला. आता वाटते, या नाटकाविषयी मी ऐकलेला तो सर्वांत नेमका प्रश्न होता.

'वाडा चिरेबंदी' १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 'कलावैभव'ने रंगभूमीवर आणले. धरणगावच्या देशपांड्यांचे घर. तात्याजी वारले आहेत, दिवस चालू आहेत, मुंबईहून धाकटा सुधीर आणि त्याची बायको अंजली आली आहे. तेराव्याला गावजेवण घालायचे की नाही, घातले तर पैसा कुठून आणायचा, एवढाच व्यवहाराचा प्रश्न. त्या प्रश्नाच्या आतून सगळे घर उघडे पडत जाते. एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा, घराणे जमीनदारांचे. त्यांनी हे घर ऐकून लिहिलेले नाही.

आडनाव देशपांडे आहे, हेही सहज म्हणून घेऊ नये. जुन्या व्यवस्थेत परगण्याचा देशमुख वसुली पाही आणि देशपांडे दप्तर ठेवी. कोणत्या शेताचा कोण, कोणाकडे किती बाकी, हे लिहून ठेवणारे हे घर. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मग इंग्रजांनी मोजणी करून रयतेच्या नावे खाती पाडली, तहसीलदार नेमले, आणि देशमुख-देशपांड्यांचे काम संपले. मान उरला, रुसूम उरले, इनामे आणि घरच्या जमिनी उरल्या. शेजारच्या नागपूर-वर्ध्याकडे मालगुजार आख्ख्या गावाचा धनी झाला. वऱ्हाडात तसे झाले नाही. इथला वाडेवाला कायद्याच्या नजरेत एक मोठा खातेदार, एवढाच. त्याचा रुबाब मात्र परगण्याचा राहिला. भास्कर गावजेवणासाठी अडून बसतो तेव्हा तो या दोन गोष्टींमधल्या शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराची किंमत मोजत असतो. त्याला नुसता कर्मठ किंवा पोकळ दिमाखाचा म्हणून मोडीत काढणारी परीक्षणे मी वाचली आहेत. मला ती उथळ वाटतात. गावाला जेवू घालणे एवढीच वतनदारीची एक खूण त्याच्या हातात राहिली आहे. ती सोडली तर तो कोण?

वऱ्हाडातल्या नाटककारांनी हा वाडा आधी का पाहिला नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोला, खामगाव, जळगाव (जामोद) इथे वकिली केली. कापसाच्या पैशावर आणि कापसाच्या कर्जावर उभ्या असलेल्या या गावांत वकिलापुढे जमिनीचे, गहाणाचे, वाटणीचे दावे आले नसतील असे होणार नाही. पण 'वीरतनय' (१८९६), 'मूकनायक' (१९०१) यांत राजपुत्र आणि राजकन्या आहेत. 'मूकनायक'मध्ये दारूचा प्रश्न आहे, तोही राजवाड्यातला. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' (१९१३) आणि 'रणदुंदुभि' (१९२७) या नाटकांतही कल्पित राज्येच आहेत. वामनरावांचे कारण उघड आहे. पारतंत्र्याबद्दल बोलायचे तर सरकारी नजर चुकवायला दूरचे राज्य लागे. कोल्हटकरांना तशी अडचण नव्हती. संगीत नाटकाला तेव्हा पुण्या-मुंबईचा प्रेक्षक लागे, आणि त्या प्रेक्षकाला पऱ्हाटीच्या शेतातला माणूस पाहायचा नव्हता, असे मी समजतो. वऱ्हाडी बोलणारे, वऱ्हाडी कर्जात बुडालेले घर मोठ्या रंगभूमीवर आपल्या बोलीसकट उभे राहायला १९८५ उजाडावे लागले.

आता सालदाराकडे येतो.

पडत्या घराण्याची गोष्ट जगात अनेकांनी सांगितली आहे, आणि त्या गोष्टीत नोकर जवळपास नेहमी असतो. चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये (१९०४) म्हातारा फिर्स आहे. भूदासांची सुटका झाली त्या घटनेलाच तो संकट समजतो. शेवटी मालक मंडळी निघून जातात आणि हा आजारी माणूस बंद घरात विसरला जातो. बाग विकत घेतो तो लोपाखिन, त्याच जमिनीवरच्या भूदासांचा वंशज. सत्यजित राय यांच्या 'जलसाघर'मध्ये (१९५८) विश्वंभर राय यांचे सर्वस्व गेले तरी अनंत नावाचा नोकर उरतो. तो झुंबर पुसतो, दालन उघडतो. मालकाचे वैभव आठवणारे कोणीतरी घरात हवे असते, म्हणून दिग्दर्शक नोकराला ठेवतो.

धरणगावच्या वाड्यात असा कोणी नाही. जे आहेत ते सगळे घरचेच. आंधळ्या झालेल्या काळात अडकलेली दादी मेलेल्या मुलाला, व्यंकटेशला, हाका मारत राहते. जुन्या दिवसांची साक्ष तेवढी तिची, आणि तीही भानावर नसलेली.

मग काम कोण करते? चंदू. सकाळपासून रात्रीपर्यंत पाणी, ओझी, निरोप, बाजार, सगळे तोच. तो तात्याजींचा मुलगा आहे, वाड्यात त्याचा हिस्सा आहे, पण त्याला कोणी काही विचारत नाही आणि तोही काही मागत नाही. समीक्षकांनी चंदूमध्ये सोशिकपणा पाहिला, काहींनी संतपणा पाहिला. माझ्या वडिलांनी त्यात आपली जागा पाहिली. सालदाराला देणे परवडेनासे झाले की वाडा घरातल्याच एकाला सालदार करतो, आणि त्याला वर्षाचे काही द्यावेही लागत नाही. प्रभाचेही तेच. तिला शिकायचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही. ती घरात राहिली, कडवट झाली, आणि कामाला उपयोगी पडली. कामकरी माणसे बाहेरून मिळेनाशी झाली की घर आपल्याच दुबळ्या माणसांकडे वळते. हे नाटक कुठेही मोठ्याने म्हणत नाही, पण पात्रांच्या हालचालींत ते लिहिलेले आहे.

वऱ्हाडातला सालदार फिर्ससारखा घरात का उरला नाही, याचे उत्तर मला नाटकात नाही, कागदांत मिळाले. सालदाराचा करार पाडवा ते पाडवा. ज्वारी, काही रोख, एक घोंगडी, एक जोडा. उचल घेऊन अडकलेले सालदार पुष्कळ होते, हे खरे आहे. माझे आजोबा त्यांपैकीच. पण सालदारकी पिढीजात बंधन नव्हती. पाडव्याला माणूस दुसऱ्याकडे जाऊ शके, आणि कापसाच्या मुलखात जायला जागाही होती. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला भाव आला, रेल्वे आली, १८७० साली व्हाइसरॉय मेयो खामगावला आले. मग जिनिंग-प्रेसिंग, अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल. पुढे १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ला त्यांचा कायदा झाला. गिट्टी फोडणे सोपे नव्हते, पण हप्त्याला पैसे हातात पडत आणि वाड्याच्या दारात उभे राहावे लागत नसे. आमच्या गावातल्या वाड्याचे शेवटचे दोन सालदार त्याच कामांवर गेले. त्यांतले एक माझे वडील.

म्हणजे वाड्याला सोडून जाणारा पहिला माणूस मुंबईचा सुधीर नव्हता. त्याच्या आधी सालदार निघून गेला होता.

यात कायद्याचीही एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. विदर्भासाठीचा कूळ कायदा १९५८चा, कमाल जमीन धारणेचा १९६१चा. कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, पण रोख किंवा धान्याच्या मजुरीवरचा गडी कूळ ठरत नाही. उलट, आपल्या देखरेखीखाली पगारी गड्यांकडून करवून घेतलेली शेती ही मालकाने स्वतः कसलेली शेती धरली जाते. माझे वडील सोळा वर्षे नांगरत होते तेव्हा पेरेपत्रकात मालकाचे नाव होते, आणि ते कायद्याला धरून होते. तहसीलच्या फेरफारांत मी अनेक गावांची नावे चाळली. वाटण्या, गहाण, विक्री, वारस, सगळे सापडते. सालदार सापडत नाही. दप्तर ठेवणाऱ्यांच्या घरावरचे हे नाटक, आणि ज्याची दप्तरात नोंदच नाही तो नाटकातही नाही. एलकुंचवारांनी हे जाणून केले की नाही, या वादात मला पडायचे नाही. त्यांनी जे घर आतून पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्या घराला सालदार गेल्याचे दुःखच झाले नव्हते, म्हणून त्याची आठवण कोणी काढत नाही.

अंगणातला ट्रॅक्टर मात्र ती आठवण काढतो, असे मला वाटते. बंद पडलेला, गंजत उभा असलेला तो ट्रॅक्टर म्हणजे फसलेली आधुनिकता, असे शिकवतात. असेल. आमच्या भागात ट्रॅक्टर कशासाठी आले हेही पाहावे. माणसांच्या मागे लागण्याची कटकट नको, हे त्यातले एक कारण होते. वाड्याला यंत्र घेणे जमले, पण त्याच्या तेलपाण्याची, दुरुस्तीची, हप्त्यांची शिस्त जमली नाही. सालदार गेला आणि त्याच्या जागी आणलेला लोखंडी सालदारही बसून राहिला.

रंजूबद्दल थोडक्यात. सिनेमाच्या नादाने ती मास्तरबरोबर मुंबईला पळते आणि घराचे दागिने घेऊन जाते. तिला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण ज्या रात्री तिची आई ते पिढीजात दागिने अंगावर घालून बघते, त्या प्रसंगात आई तरी दुसरे काय करते? दोघींना तेच सोने कोणीतरी पाहावे असे वाटते. एकीला खोलीत फक्त नवरा मिळतो.

या त्रिनाट्यातली पुढची दोन नाटके 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही मिळून 'आविष्कार'तर्फे एकत्र सादर केली. 'युगान्त'मध्ये पाणी आटलेले आहे आणि गाव ओस पडत चालले आहे. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वर्तमानपत्रे भरू लागली ती त्यानंतर. तिथेही माझे लक्ष गेले ते गाव सोडून जाणाऱ्यांकडे. ते रंगमंचावर येत नाहीत, ते गेल्याचे फक्त कळते.

आमच्या गावचा वाडा पुढे विकला गेला. सागवान आधी गेले, मग चिरे. त्या घरातल्या एका मुलाने, तो पुण्यात असतो, रद्दीत जाणाऱ्या काही वह्या मला आपणहून आणून दिल्या. त्यांतल्या एकीत सालदारांचे पान होते. नावे फक्त पहिली, बापाचे नाव नाही, आडनाव नाही. पुढे ज्वारी, रोख, घोंगडी, जोडा. चौथ्या ओळीवर माझ्या वडिलांचे नाव.

वही मी त्यांच्यासमोर ठेवली. चष्मा लावून त्यांनी नाव लावून वाचले, मग बोटाने आकड्यांवरून गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, डोळे भरून आले असतील.

"लिवलं तितकी ज्वारी काई मले भेटली नाई," ते म्हणाले, आणि वही मिटून माझ्याकडे दिली.