इंटरनेटची परवानगी मागणारा अनोळखी प्रोग्रॅम कसा ओळखावा?

मयूर विहार (दिल्ली) : घरून कार्यालयाचे काम सुरू असताना संगणकाच्या पडद्यावर अचानक चौकट उमटते – अमुक प्रोग्रॅमला नेटवर्क वापरू द्यायचे का? पूर्व दिल्लीतील मयूर विहार असो वा पुण्यातील कोथरूड, घाईत असलेल्याचे बोट होकाराकडेच वळते. नाव अपरिचित असल्यास आधी परवानगी नाकारावी. प्रोग्रॅम कामाचा निघाला तर ती नंतरही देता येते. बाहेर गेलेली माहिती मात्र परत आणता येत नाही.

विंडोजच्या अंगभूत फायरवॉलविषयी एक गैरसमज आहे. ही फायरवॉल मुख्यतः बाहेरून आत येणारी जोडणी अडवते. आतून बाहेर जाणारी वाहतूक मूळ रचनेत खुलीच असते. त्यामुळे चौकट दिसली नाही, म्हणजे सारे आलबेल आहे असे नव्हे. ‘रिसोर्स मॉनिटर’च्या ‘नेटवर्क’ विभागात कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्याशी जोडला गेला आहे, हे पाहता येते.

निव्वळ नावावर विसंबू नये. ‘एसव्हीसीहोस्ट’ हा विंडोजचाच घटक असून तो सहसा ‘सिस्टम ३२’ फोल्डरमध्ये असतो. त्याच नावाची अथवा एखादे अक्षर बदललेली फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये आढळल्यास संशयाला जागा आहे. टास्क मॅनेजरमध्ये नावावर राइट क्लिक करून फाइलचे स्थान उघडावे आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये डिजिटल स्वाक्षरी तपासावी. अर्थात, स्वाक्षरीही अंतिम पुरावा नव्हे. २०१० मध्ये उजेडात आलेल्या ‘स्टक्सनेट’ने चोरीच्या प्रमाणपत्रांचा वापर केला होता.

हा प्रश्न केवळ घरगुती संगणकांचा नाही. मुख्यालय मुंबईत असलेल्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम शिरल्याचे ‘सर्ट-इन’च्या ४ सप्टेंबर २०१९ रोजी लक्षात आले. कुडनकुलम प्रकल्पाने २९ ऑक्टोबरला सायबर हल्ल्याचे वृत्त फेटाळले; दुसऱ्याच दिवशी महामंडळाने प्रोग्रॅम आढळल्याचे मान्य केले. बाधित संगणक प्रशासकीय कामासाठीच्या, इंटरनेटशी जोडलेल्या नेटवर्कवर होता. महत्त्वाचे अंतर्गत नेटवर्क त्यापासून वेगळे असल्याचे महामंडळाने स्पष्ट केले. घरच्या संगणकावर असे वेगळेपण क्वचितच असते. बँकेचे व्यवहार आणि मुलांचे खेळ एकाच यंत्रावर चालतात.

संशय बळावल्यास प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची तपासणी साधने विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.