अळवावरच्या पाण्याचं कूळ

रत्नागिरीकडे अळवाला वेगळी जागा द्यावी लागत नाही. मोरीचं पाणी उतरतं तिथे, विहिरीच्या कडेला, माडाच्या आळ्यात ते आपलं आपण वाढतं. आषाढातली सर थांबली की पानाच्या खोलगटात टपोरा थेंब पाऱ्यासारखा डुलत असतो. पान जरा कललं की सगळा ऐवज खाली, आणि पान कोरडं ठणठणीत. तोच थेंब शेजारच्या जांभ्याच्या गडग्यावर पडला, तर चिऱ्याच्या भोकांत जिरून जातो.

‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचार अस्सल परसातला वाटतो, पण त्याचं घराणं कमळाचं. गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्यात राहून न भिजणारं कमळाचं पान येतं, ते अलिप्त माणसाच्या उपमेला. तिथे कौतुक पानाचं. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘भज गोविन्दम्’मध्ये नजर थेंबावर सरकली : आयुष्य असंच डळमळीत. मराठीने हा दुसरा अर्थ उचलला आणि कमळ तळ्यातच ठेवलं. माझा आपला तर्क असा, की कमळ बघायला वाट वाकडी करावी लागते. अळू फदफद्यासाठी हाताशीच असतं.

थेंब किती पसरला हे त्याची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यावरून कळतं. थॉमस यंगने 1805 मध्ये या कोनाचा हिशेब मांडला. स्वच्छ काचेवर तो अगदी लहान, अळवावर दीडशे अंशांच्या घरात. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेणाची बारीक लव आणि मध्ये अडकलेली हवा. थेंब टोकांवर जेमतेम टेकतो, बाकी हवेवरच. म्हणून घरंगळताना धूळही सोबत नेतो. जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी 1997 मध्ये हे सविस्तर मांडलं. त्यांनी तपासलेल्या पानांत अळूही होतं, पण नाव पडलं ‘लोटस इफेक्ट’. पुन्हा कमळच!

या थेंबाचा एक चुलतभाऊ चुलीवर भेटतो. बेताच्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर पाणी शिंपडलं तर चर्र होऊन उडून जातं. तवा फारच तापला, तर मात्र थेंब गोळ्या होऊन इकडेतिकडे पळतात आणि उलट जास्त वेळ टिकतात, कारण खाली त्यांच्याच वाफेची गादी तयार झालेली असते. लायडेनफ्रॉस्टने 1756 मध्ये लालभडक लोखंडी पळीत याचं वर्णन केलं. घावणे घालणारी बाई असे नाचरे थेंब दिसले, की लाकूड मागे ओढते आणि मगच पीठ सोडते.